कोवळ्या ज्वारीचं विष

संभाजीनगरला लोक लेणी पाहायला जातात. दिवाळीनंतरच्या निवांत दिवसांत मीही तिकडे जाऊन राहून आले, पण एकही लेणं पाहिलं नाही. पुण्याला परतल्यावर मैत्रिणींनी फोटो मागितले तेव्हा माझ्या फोनमधून निघालं ते एवढंच: तांबूस पाण्याने भरलेल्या काचेच्या नळ्या, कापलेल्या ज्वारीच्या खोडांना आलेले हिरवेगार फुटवे, आणि मेंढ्या. पुष्कळ मेंढ्या. त्या फोटोंमागची हकिगत सांगायची तर आधी माझ्या कामाविषयी थोडं सांगावं लागेल.

मी एन्झाइमांची गणितं करते. शाळेत आपण त्यांना विकर म्हणायचो. शरीरातली जी कामं एरवी व्हायला वर्षंच्या वर्षं लागली असती, ती ही प्रथिनं क्षणात उरकतात. प्रत्येकाच्या पोटात एक लहानशी खाच असते आणि सगळं काम त्या खाचेत चालतं. एक रेणू आत येतो, कुठला तरी बंध सुटतो, दुसरा जुळतो, आणि वेगळाच रेणू बाहेर पडतो. हे डोळ्यांनी कुणालाच दिसत नाही. म्हणून मी खाचेतल्या अणूंच्या जागा संगणकाला सांगते, कोण कुणाला ओढतं आणि कोण कुणाला ढकलतं त्याचे नियम सांगते, आणि मग पडद्यावर ते अणू थरथरू लागतात. मी गुहागरकडची. कुठेही जायचं तर आधी घाट चढायचा, ही लहानपणापासूनची सवय, त्यामुळे मला हे सगळं घाटासारखं दिसतं. रेणूला या बाजूहून त्या बाजूला जायचं तर मधला डोंगर ओलांडावा लागतो. एन्झाइम तो डोंगर ठेंगणा करून देतं. किती ठेंगणा, आणि कुठल्या अणूच्या जोरावर, एवढंच मला शोधायचं असतं.

गेली काही वर्षं मी ज्याच्यामागे आहे त्या एन्झाइमाचं नाव ऱ्होडानीज. ते माणसाच्या, गाईच्या, मेंढीच्या यकृतात असतं. त्याचं काम सायनाइड मारण्याचं. थोडंफार सायनाइड आपल्या रोजच्या खाण्यातूनही पोटात जातं. तो रेणू खाचेत आला की हे एन्झाइम त्याच्या अंगावर गंधकाचा एक अणू चढवतं आणि त्याला निरुपद्रवी करून सोडून देतं. कोवळ्या ज्वारीत हेच विष असतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाचलं होतं एवढंच.

रेणुका मला फोनवरून ओळखीची. ती मूळची जनावरांची डॉक्टर, पण आता संभाजीनगरच्या एका कॉलेजात जीवरसायन शिकवते आणि तिथल्याच छोट्या प्रयोगशाळेत काम करते. मी संगणकात जे करते ते ती नळीत करून पाहते. दोन वर्षं आमचं बरं चाललं होतं. मग आम्ही दोघींनी ठरवून खाचेतला एक मोहरा बदलला. खाचेच्या तोंडाशी आर्जिनिन नावाचा एक भाग असतो, तो गंधक घेऊन येणाऱ्या रेणूला धरून ठेवतो. तो काढून तिथे एक निरुपयोगी तुकडा बसवला. माझं गणित सांगत होतं की आता काम ठप्प होणार. रेणुकाच्या नळीत काम मंद झालं, पण थांबलं नाही. मी गणित पुन्हा केलं, तिने प्रयोग पुन्हा केला, आणि दोघींची उत्तरं तीच राहिली. फोनवरचं बोलणं हळूहळू आखडत गेलं. त्यात रेणुकाला एका औषध कंपनीची नोकरी आली होती आणि वर्ष संपायच्या आत तिला हो की नाही सांगायचं होतं. एकदा ती म्हणाली, "ताई, हे जुळलं नाही तर मी प्रयोगशाळेला कुलूप लावते." त्यानंतर मी बसचं तिकीट काढलं.

पुंडलिकनगर

फोनवरच्या आवाजावरून मी एक उंच, धिप्पाड बाई मनात धरली होती. पुंडलिकनगरच्या गल्लीत दार उघडलं ते माझ्या खांद्याला लागेल एवढ्या बाईने. तिचा नवरा शाळेत शिक्षक, तो मुलीला घेऊन सुट्टीसाठी गावी गेलेला. घरात आम्ही दोघीच. गल्लीत दोन्ही बाजूंना एकमजली, दुमजली घरं, गच्च्यांवर वाळत घातलेल्या गोधड्या, दारांवर अजून न उतरवलेले आकाशकंदील. ऊन असं मऊ होतं की भिंतींचे रंग त्यात विरघळल्यासारखे वाटत होते.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि कच्चा कांदा. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाला दळून ठेवलेलं पीठ, उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार. आमच्याकडे भाताखेरीज जेवण झाल्यासारखं वाटत नाही आणि भाकरी म्हटली की तांदळाची, पांढरी, मऊ. इथली भाकरी परातीएवढी, पातळ, किंचित गोडसर. मी ती दोन्ही हातांनी तोडायला लागले तेव्हा रेणुकाने तिचा चुरा आमटीत कसा करायचा ते दाखवलं. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या घासापासून मी बोलायची थांबले.

जेवल्यावर वादाला तोंड फोडायचं म्हणून मी लॅपटॉप काढला. अणूंचा तो थरथरता नाच तिला एकदा दाखवावा, म्हणजे माझं म्हणणं तिला पटेल, असं मी वाटभर मनात घोळवत आले होते. लॅपटॉप उघडला तर पडदा काळा. चार्जर पुण्याला टेबलाखाली राहिला होता. रेणुका हसली नाही, मीही हसले नाही. ती म्हणाली की आधी जरा पडा, लांबून आलात. मी चटईवर पडले आणि गल्लीतल्या भांडी घासण्याच्या आवाजात कधी झोप लागली कळलं नाही. झोपेत ती खाच दिसली. मी तिच्या काठावर उभी होते आणि आत धुकं होतं.

शहागंज

चार्जरसाठी संध्याकाळी शहागंजला गेलो. घड्याळाच्या मनोऱ्याभोवतीच्या त्या गर्दीत बांगड्या, चादरी, सुकामेवा, लोखंडी तवे, अत्तरं सगळं एकमेकांच्या अंगावर रेललेलं होतं. अत्तराच्या दुकानासमोरून गेलं की पुढच्या दहा पावलांचा रस्ता वासातून काढावा लागत होता. एका बोळात जुने लॅपटॉप दुरुस्त करणारा एक म्हातारा दुकानदार बसला होता. त्याने माझं यंत्र उलटंपालटं करून पाहिलं, एक डबा उचकला, दुसरा उचकला, आणि म्हणाला, "आज नै होता बाजी. कल आव." बाजी म्हणजे ताई. मी म्हटलं मला उद्या सकाळीच हवा आहे. त्याने चष्मा वर केला, माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत माझी घाई कुठे गेली ते मला समजलं नाही.

रात्रीचं जेवण तिथेच एका दुकानात झालं: नान आणि खलिया. पिवळी धमक, मोठाली नान आणि लाल तर्री असलेला मटणाचा रस्सा. फौजेसाठी फार पूर्वी असंच एकदम रांधायचे, असं दुकानदाराने सांगितलं. मासे खाऊन वाढलेल्या मला तो रस्सा भारी पडेल असं रेणुकाला वाटत होतं. मी वाटी पुसून घेतली.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "लॅपटॉप नाही तर नाही. उद्या नळीतच बघू. तुम्ही कधी डोळ्यांनी बघितलंय का हे?" मी कधीच पाहिलं नव्हतं.

प्रयोगशाळेतली सकाळ

कॉलेजला सुट्टी होती. मोठ्या रिकाम्या इमारतीत आमच्या चपलांचा आवाज पुढे जाऊन परत येत होता. रेणुकाची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं, एक शीतपेटी आणि खिडकीशी काचेचं कपाट. त्या कपाटात वर पंखा असतो, विषारी काम आत हात घालून करायचं.

प्रयोग साधा होता. नळीत एन्झाइम, गंधक देणारं थायोसल्फेट, आणि थेंबभर सायनाइड. ठरावीक वेळाने एकेका नळीतलं काम थांबवायचं आणि लोखंडाचा क्षार घालायचा. एन्झाइमाने जेवढं विष मारलं असेल तेवढं पाणी लाल होतं. रेणुका आधी मूळचं, न बदललेलं एन्झाइम घेऊन बसली. पहिली नळी फिकट नारिंगी, दुसरी गडद, तिसरी तांबडी. ज्या घटनेसाठी माझी यंत्रं आठवडाभर घरघरत असतात, ती माझ्यासमोर रंग होऊन उभी राहत होती. मी खुर्ची ओढून जवळ बसले.

मग बदललेलं एन्झाइम. रेणुका नेहमी शेवटची एकच नळी मोजायची आणि मला फोनवर एक आकडा सांगायची. या वेळी मी पाहायला होते म्हणून तिने पूर्ण रांग लावली. पहिली नळी पिवळसर राहिली. दुसरीही. तिसरीही. मला वाटलं, माझंच खरं निघतंय, आणि छातीत एक लहानशी खुशी हलली. चौथ्या नळीत किंचित तांबूस झाक आली. पाचवी त्याहून लाल. सहावी चांगलीच तांबडी. काम आधी होतच नव्हतं, आणि मग उशिराने, पण चांगलं सुरू झालं होतं.

"हे मी कधी बघितलंच नव्हतं," रेणुका म्हणाली. "मी शेवटालाच बघत होते."

"आणि मी सुरुवातीलाच," मी म्हटलं.

माझ्या यंत्रात मी जो काळ पाहते तो पापणी लवण्याच्या कोटीव्या हिश्श्याएवढाही नसतो. तेवढ्या वेळात खाच जशी होती तशीच बसून राहिलेली मला दिसली होती. पण खाचेच्या काठावर प्रथिनाची एक सैल कडी असते. वेळ मिळाला तर ती हलते, वळते. आर्जिनिन नसल्यामुळे रिकाम्या पडलेल्या जागेत शेजारचं दुसरं कुणीतरी सावकाश येऊन उभं राहत असणार, हे आम्हाला त्या लाल होत जाणाऱ्या रांगेने सांगितलं. त्याचं पुढे काय झालं तेही इथेच सांगून टाकते. पुण्याला आल्यावर मी ते गणित नव्याने लावलं, कडीला हलायला भरपूर काळ दिला, आणि बऱ्याच आठवड्यांनी एका सकाळी पडद्यावर लायसिन नावाचा शेजारी हात लांबवून त्या रिकाम्या जागी आलेला दिसला. डोंगराची उंची आता रेणुकाच्या नळ्यांशी जुळत होती. मी लगेच तिला फोन केला.

पण त्या दिवशी तिथे एवढंच झालं की रेणुकाने हातमोजे काढले, खिडकी उघडली आणि म्हणाली, "चला ताई, उद्या तुम्हाला आत्याकडं नेते. ज्या मेंढ्यांच्या यकृतातली खाच तुम्ही बघता त्या मेंढ्या तरी बघा."

लासूर स्टेशनच्या पलीकडे

रेणुकाचं माहेर धनगराचं. तिचे वडील शहरात नोकरीला आले, पण तिची गोदाआत्या आणि आत्याचे यजमान रायभान अजून मेंढ्या राखतात. आत्याच्या नवऱ्याला इकडे मामा म्हणतात. आमच्याकडे ते काका झाले असते. पावसाळा सरला की लासूर स्टेशनच्या आसपासच्या शिवारांत त्यांचा तळ फिरत असतो. शेतकरी मेंढ्या आपल्या रानात बसवून घेतात, रानाला खत मिळतं आणि यांना धान्य.

सकाळच्या पॅसेंजरने निघालो. खिडकीबाहेर कापसाची शेतं पांढरी झाली होती, मधूनच रब्बीच्या ज्वारीचे हिरवे पट्टे, दूरवर सपाट माथ्यांचे डोंगर निळ्या धुरात तरंगत होते. आमच्याकडे जमीन कधी अशी पसरत नाही. चार पावलांवर चढ, उतार नाहीतर समुद्र. इथे नजर सोडली की ती जातच राहते, आणि तिच्यामागे आपणही थोडे निघून जातो. लासूरला उतरलो तेव्हा मला झोपेतून उठल्यासारखं झालं. बाजारात कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या गाड्या उभ्या होत्या. तिथून एका ओळखीच्या टेम्पोत बसून रानात गेलो.

गोदाआत्या कडुलिंबाच्या झाडाखाली चूल मांडून बसली होती. उंच, सुकलेली, हिरव्या लुगड्यातली, हसताना तोंडावर पदर घेणारी. "ये बाई, बस. लई लांबून आलीस," म्हणाली आणि विचारण्याआधी हातावर बाजरीची भाकरी आणि ठेचा ठेवला. घोंगडी अंथरली. आम्ही लोळलो. वारा लिंबातून झिरपत येत होता, लांबून मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या, आणि मला वाटलं की असाच दिवस मावळावा, आणखी काही होऊ नये.

दुपार कलली तेव्हा रायभानमामा कळप घेऊन येताना दिसले. पुढे एक मोठा एडका, वळलेल्या शिंगांचा, त्याच्यामागे सगळ्या माद्या आणि कोकरं. एडका म्हणजे कळपातला नर. तो चालला की बाकीचे चालतात. वाटेच्या एका बाजूला खरिपाची ज्वारी कापून नेलेलं रान होतं. खोडं तशीच उभी, आणि त्यांच्या बुडातून हातभर हिरवे, लुसलुशीत फुटवे आलेले. मामा कळपाला त्या रानापासून जपून आणत होते. तेवढ्यात मागून कापसाने तुडुंब भरलेला ट्रॅक्टर आला. वाट अरुंद होती. चालकाने भोंगा वाजवला, लांबलचक. कळप बिचकला, एडका उसळून बाजूला गेला, आणि पाठोपाठ अर्धा कळप त्या हिरव्या रानात.

आत्या धावली. आम्ही धावलो. हुर्र, हुर्र करत, दगड भिरकावत, हात पसरत आम्ही त्यांना बाहेर काढलं. फार वेळ लागला नाही. पण मेंढ्या दिवसभर सुक्या काडीवर फिरलेल्या होत्या, आणि हिरवं तोंडासमोर आल्यावर कुणी थांबलं नव्हतं.

"खाल्ली व्हय?" आत्याने विचारलं.

"खाल्ली," मामा म्हणाले.

मग सगळे नुसते बघत उभे राहिले. मेंढ्या वाटेवर रवंथ करत उभ्या होत्या, ऊन सोनेरी झालं होतं, आणि काहीच झालेलं नाही असं वाटत होतं. मीच तेवढी मनात पुढचं पाहत होते. चावलेल्या पानात साखरेला बांधून ठेवलेलं विष सुटत असणार, रक्तात उतरत असणार. यकृतात ऱ्होडानीज भरपूर असतं. कमी पडतं ते गंधक.

काळ्या तोंडाची एक मेंढी डुलली. दोन पावलं तिरकी गेली आणि गुडघ्यांवर बसली. मग आणखी एक. मग एडका. मान ताणून, तोंड उघडं टाकून ती जनावरं हवा ओढत होती आणि हवा आत जाऊनही उपयोग होत नव्हता. रेणुका केव्हाच पिशवी घेऊन आली होती. या हंगामात ती थायोसल्फेटच्या बाटल्या घेतल्याशिवाय इकडे येत नाही, हे मला तेव्हा कळलं. पण शिरेत द्यायला हात तिचे एकटीचे, आणि औषध सावकाश द्यावं लागतं. तिने वर पाहिलं. एका बाजूला एडका, दुसऱ्या बाजूला काळ्या तोंडाची.

"मामा, कुणाला आधी?"

रायभानमामा एडक्याकडे बघत होते. तो त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेला होता, हे आत्याने मला जेवताना सांगितलं होतं. त्यांनी फार वेळ घेतला नाही. "ती गाभण हाय," म्हणाले. "आधी ती बघ."

मी काळ्या तोंडाच्या मेंढीचं डोकं मांडीवर धरलं. रेणुकाने मानेवरची लोकर बाजूला केली, शीर दाबून फुगवली आणि सुई घातली. "हलू देऊ नका, ताई." मेंढीचा ओठ वर गेला होता, आतल्या हिरड्या लालबुंद होत्या, एखाद्या धडधाकट जनावराच्या असाव्यात तशा. रक्तात प्राणवायू भरलेला आणि अंगाला तो घेता येत नाही, म्हणून ती लाली. मला तिच्या आतल्या खाचेतला एकेक अणू ठाऊक होता. गंधक कुठे चिकटेल, कुठून सुटेल, घाट कुठे आहे, सगळं. आणि माझ्या हातात फक्त ते जड, गरम डोकं होतं. डोळा उघडा होता, आडव्या बाहुलीचा, पिवळसर, त्यात आकाश दिसत होतं. मला भोवतालचं ऐकू येईनासं झालं. किती वेळ गेला मी सांगू शकणार नाही.

मग माझ्या मनगटाला वारा लागला. तिच्या नाकपुडीतून आलेला. थांबला, पुन्हा आला, यावेळी लांब. तिने पापणी मिटली आणि उघडली.

"आली," रेणुका म्हणाली, आणि सुई काढून पुढच्या जनावराकडे गेलीसुद्धा.

आत्या उभ्या असलेल्या मेंढ्यांना गुळाचं पाणी पाजत होती. पडलेल्यांना पाजू नको, ठसका लागेल, असं रेणुकाने तिला ओरडून सांगितलं होतं. एकीमागून एक सुया चालल्या होत्या. रेणुका एडक्यापाशी पोचली तेव्हा मामा त्याच्याजवळ बसलेले होते आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. आणखी एक मेंढीही गेली. बाकीच्या, ज्या पडल्या होत्या त्या, अंधार पडायच्या आत उठून उभ्या राहिल्या. आधी मागचे पाय, मग पुढचे, मग बराच वेळ नुसत्या तशाच.

विषाने मेलेलं जनावर खात नाहीत. लांब बांधाच्या पलीकडे खड्डा खणला. मामांनी एडक्याच्या गळ्यातली घंटा सोडून घेतली आणि कमरेला बांधली. त्यांच्या चालण्याबरोबर ती वाजत होती.

चुलीपाशी आत्याने मला विचारलं की मी काय काम करते. मी जमेल तसं सांगितलं, खाच, अणू, गंधक. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्येला लई दुखलं असंल का गं?"

माझ्या गणितात दुखण्याला जागा नाही. रेणुका हात धूत होती. ती म्हणाली, "थोडा वेळ, आत्या. मग कळत नाही त्यांना."

आत्याने मान हलवली आणि भाकरी थापायला घेतली.

थोड्या वेळाने रेणुका माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या कपाळावर मातीचा एक पट्टा होता. आज आणखी दोन हात असते तर एडकाही उठला असता, म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं: "मेंढक्याच्या खिशात ठेवता येईल असं काहीतरी पाहिजे. सुई नाय, शीर नाय. नुसतं जिभेवर लावायचं." मी तिला त्या नोकरीविषयी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला फोन करून नकार कळवला.

फाटक

सकाळी सगळं रान धुक्यात होतं. तळ हलवायचा होता, रुळांच्या पलीकडे, जिथे दुसऱ्या शेतकऱ्याने रान द्यायचं कबूल केलं होतं. घोड्यावर सामान चढलं, कोंबड्या टोपल्यात गेल्या, घोंगड्या गुंडाळल्या. कळप मात्र निघेना. मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या आणि पुढे कुणीच जात नव्हतं. पुढे जाणारा आदल्या दिवशी गेला होता.

मामा मागे होते, कारण आजारातून उठलेल्यांना सांभाळून आणायचं होतं. रेणुका त्या काळ्या तोंडाच्या मेंढीच्या बाजूने. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातात काठी दिली.

"तू हो पुढं."

मी म्हटलं मला येत नाही.

"यायला काय लागतंय? चालत ऱ्हा. मागं बघू नको. तू थांबलीस की त्या थांबत्यात."

मी निघाले. पहिली काही पावलं मागे काहीच आवाज नव्हता आणि मला वळून पाहण्याचा मोह अनावर झाला. मग धुक्यात, अगदी पाठीशी, खुरांचा मऊ आवाज सुरू झाला. एक, मग चार, मग पावसासारखा. वाट दिसत नव्हती, फक्त पुढचं हातभर ओलं गवत. मला वाटलं मी चालत नाही, मला कुणीतरी मागून अलगद ढकलत नेतंय. फाटकाचा माणूस धुक्यातून उगवला, दोन्ही बाजूंना पाहून त्याने हात केला. मी रुळांवर पाऊल ठेवलं. मागे त्यांचे श्वास ऐकू येत होते, सगळ्यांचे, लहान-मोठे, एकमेकांत मिसळलेले, गरम. दुसरा रूळ ओलांडताना एक ओलं नाक माझ्या तळहाताला लागलं. ते कुणाचं, मी वळून पाहिलं नाही. चालत राहिले.